कोळशावरून तेलावर

३ मार्च, सोमवार

'कापता येईल. पण आत्ता नाही.' सर्जनचं हे वाक्य सकाळपासून डोक्यात फिरतंय. गाठ स्वादुपिंडात आहे आणि शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसलीय. आधी केमो. गाठ जरा मागे हटली तर ऑपरेशन. 'पण तोवर ह्यांच्या अंगातली ताकद टिकली पाहिजे. स्नायू झडले तर मी सुरी लावणार नाही. उघडलेलं पोट भरून यायलाही अंगात काहीतरी लागतं.'

ही लगेच म्हणाली, 'डॉक्टर, मी शाळेत खेळ शिकवते. पोरींना अजून पळण्यात हरवते. पोटऱ्या बघा माझ्या!' आणि खरंच ट्रॅकपँट वर करायला लागली!

सर्जन हसले नाहीत. लिहीत राहिले.

येताना ही पुढे, मी मागे. ट्रॅकपँट पायांभोवती फडफडत होती, काठीला अडकवलेल्या फडक्यासारखी. मला वाटलं वारा आहे. वारा नव्हता.

५ मार्च

बंबला सांगितलं. लाँड्रीत माझ्यानंतरच्या पाळीला बॉयलर तोच सांभाळतो. पोट बंबासारखं, म्हणून बंब. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही. आज फक्त माझ्या हातातला पाना घेतला आणि म्हणाला, 'तू बस.'

बसलो. समोरून हॉस्पिटलच्या चादरींच्या गाड्या आत ढकलत होते. इतकी वर्षं त्या चादरी धुण्यासाठी मी वाफ देतोय. कोणती कुणाच्या अंगाखालून आलीय असा विचार आज पहिल्यांदा आला. उठून उभा राहिलो, पाठ फिरवली.

११ मार्च

पहिली केमो. घरी आल्यावर टबमध्ये उलटी. मग मलाच सांगते, 'तोंड असं करू नका. शर्यत सुरू झालीय, इतकंच.'

१४ मार्च

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ. सगळे त्यांना डाएटच्या मॅडम म्हणतात. टेबलावर प्लॅस्टिकची अंडी, प्लॅस्टिकचा मासा, प्लॅस्टिकचा पाव. हिने पाव उचलून बोटाने दाबला. 'शिळा आहे.' मॅडम इतक्या हसल्या की मला बरं वाटलं.

मग गंभीर झाल्या. 'ह्या आजारात नुसतं वजन जात नाही, स्नायू वितळतात. पोटभर खाल्लं तरी वितळतात. आम्ही थोड्या पेशंटना घेऊन एक आहार करून बघतोय. साखर, पाव, बटाटा जवळजवळ बंद. लोणी, तेल, साय, अंडी, मासे भरपूर. मग शरीर साखर सोडून चरबीवर चालायला लागतं. यकृत चरबीपासून केटोन नावाचं इंधन बनवतं. त्याने स्नायूंची झीज थोडी मंदावते का, एवढंच बघायचंय.'

मी म्हटलं, 'कोळशावरून तेलावर!'

त्यांना कळलं नाही. मग सांगितलं, की आमचा बॉयलर आधी कोळशावर होता. मग तेलाची भट्टी बसवली. बॉयलर तोच, वाफ तीच, इंधन दुसरं. पहिला महिना त्रास दिला, मग कोळशाची कुणाला आठवणही आली नाही.

'तसं म्हणा हवं तर,' मॅडम म्हणाल्या. 'पण हा आधार आहे, औषध नाही. केमो चालूच राहणार. तेल पचवायला प्रत्येक जेवणाबरोबर ह्या गोळ्या घ्यायच्या. आणि जेवण पोटात गेलं पाहिजे. पूर्ण. वजन उतरायला लागलं की मी हे थांबवणार. कबूल?'

दोघंही एकदम म्हणालो — कबूल.

परत येताना शीळ वाजवत होतो, ते हिने सांगितल्यावर कळलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्या समजुतीतलं बोललं होतं.

१६ मार्च, रविवार

स्वयंपाकघर रिकामं केलं. साखर, जॅम, बिस्किटं, पाव, बटाटे, मध, सगळं खोक्यात भरून बंबच्या घरी. ही दाराला टेकून बघत होती. 'घर भाड्याने द्यायचंय का?'

मीटर आणलं. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर लावायचा, केटोनचा आकडा येतो. आज ०.२. म्हणजे अजून कोळसाच.

२० मार्च

हिचं डोकं दुखतं. चिडचिड. अंडं बघितलं की तोंड फिरवते. 'सकाळी अंडं, दुपारी अंडं! उद्या आरवायला लागेन.' मी सांगितलं, भट्टी बदलताना असंच होतं. म्हणाली, 'मी भट्टी नाही.'

२३ मार्च

१.१!!

एकच्या वर म्हणजे इंधन बदललं, असं मॅडमनी सांगितलं होतं. मीटर घेऊन घरभर नाचलो. ही पलंगावरून बघत होती. हसली. खूप दिवसांनी अशी हसली.

२९ मार्च

हिची बहीण, धाकटी, आली. डोळे लाल, हातात फोन. कुठल्या कुठल्या डॉक्टरांची भाषणं साठवून आणलेली. 'भावोजी, साखर म्हणजे गाठीचं दूध! ते तोडलं की गाठ उपाशी मरते. तुमच्या मॅडम फारच मवाळ. वाटीभर फळ कशाला चालू ठेवलंय? दही कशाला?'

मी म्हटलं, मॅडमनी गाठ मरते असं सांगितलेलं नाही.

'त्या कशा सांगतील! नोकरी आहे त्यांना.'

रागच आला धाकटीचा. पण ती गेल्यावर फळांची वाटी मीच उचलून बाजूला ठेवली. वाटीभर फळाने असं काय बिघडणार होतं? आणि नाही दिलं तर तरी काय बिघडणार होतं? बुडत्याला काडीचा आधार. मी काडी नाही, ओंडकाच धरलाय.

१ एप्रिल

फळ, दही, गाजर बंद. १.९.

४ एप्रिल

भांडी घासताना अंगठी बोटातून निसटली. नाली उघडून काढली मी. हिने आतल्या बाजूला दोरा गुंडाळला आणि परत घातली.

८ एप्रिल

तिसरी केमो. वॉर्डात वजन केलं. जेवढ्याला तेवढं! पाव किलोही उतरलं नाही. नर्स म्हणाली, 'छानच की.' मॅडमना फोन केला. त्यांनी दोनदा विचारलं, 'नक्की? सगळं जेवतात?' मी म्हटलं, ताट चाटून पुसून रिकामं. खरंच असतं. मी कामावरून येतो तेव्हा ताट धुतलेलं असतं.

'फळ-दही चालू आहे ना?'

'हो,' म्हटलं. एवढंच खोटं बोललो.

१० एप्रिल

श्वासाला वास येतो. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा, गोडसर. केटोनचाच आहे, मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे चांगलं लक्षण. पण उशीवर तोंड माझ्याकडे करून झोपली की मी कूस बदलतो.

थंडी वाजते म्हणते. मी भट्टीपाशी घाम गाळून घरी येतो आणि ही दोन स्वेटर घालून बसलेली. लाकडी खुर्ची टोचते म्हणून उशी लागते.

वजन मात्र तेवढंच आहे. माझ्या डोळ्यांनाच सवय नाही आजारी माणूस बघायची.

१३ एप्रिल

२.८.

ही आता सारखी विचारते, 'किती आला?' आकडा सांगितला की माझ्याकडे बघत राहते. आकड्याकडे नाही, माझ्याकडे.

१५ एप्रिल

बंब हिला भेटायला आला. जिन्यातल्या मांजरीला अडखळला. 'काय रे ही! मागे आलो तेव्हा हाडं मोजता येत होती. आता हत्ती झालीय. कोण खाऊ घालतं हिला?' ही म्हणाली, 'सगळा जिनाच लाड करतो.'

बंबने तिला हसवलं. म्हणाला, 'तुमचा नवरा कामावर मीटर-मीटर करून डोकं खातो.' निघताना मात्र जिन्यात माझा दंड धरला.

'वहिनींना बघितलंस का तू?'

'रोज बघतो.'

'मीटर बघतोस. वहिनींना बघ. आपल्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? वाफेचा काटा मस्त दिसतो, म्हणून खूश व्हायचं नाही. पाण्याची काच बघ. आत पाणी संपत आलं तरी काटा काही वेळ वरच असतो.'

मी म्हटलं, 'तू तुझं पोट सांभाळ.' असं कधी बोललो नव्हतो त्याला. तो खाली उतरला.

१९ एप्रिल

४.६! इतका आजवर आला नव्हता. कामावर जाताना पूर्ण जिनाभर शीळ वाजवली.

२१ एप्रिल

शाळेतून मुली आल्या होत्या म्हणे, हिला भेटायला. हिने दार उघडलं नाही. बाहेर उभ्या राहून हाका मारून गेल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. हिला विचारलं तर म्हणाली, 'झोप लागली होती.'

हिची झोप पाखराची आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

सगळं एका जागी लिहून टाकतो, म्हणजे मला स्वतःलाच नंतर फिरवता येणार नाही.

चौथ्या केमोचा दिवस. आधी वजन. जेवढ्याला तेवढं. मी मान ताठ करून उभा. मग म्हणे आज ताकदीचीही तपासणी, सर्जनना हवीय. व्यायाम शिकवणारी एक मुलगी आली, नवीन, हसरी. हिच्या हातात मूठ दाबायचं यंत्र दिलं. हिने दाबलं. मुलीने आकडा बघितला आणि म्हणाली, 'पुन्हा एकदा, जोर लावून.' ही म्हणाली, 'लावला.'

मग हात न टेकता खुर्चीतून उठायचं. ही — खेळाच्या बाई! — एकदा उठली. दुसऱ्यांदा अर्ध्यावरून खाली बसली. मी पुढे झालो, तर माझ्यावरच डाफरली, 'बसा तिकडे!'

मग मुलगी टेप घेऊन खाली वाकली. 'आता फक्त पोटरीचा घेर घेते. पँट जरा वर करा.'

'कशाला? राहू दे ना ते.'

'दोन मिनिटांचं काम आहे, काकू.'

'नको म्हटलं ना!'

मुलगी बावरली. आणि मीच, मूर्खासारखा, पुढे होऊन म्हणालो, 'अगं, घेऊ दे की. त्यात काय!' आणि ट्रॅकपँटचा पाय वर सरकवला.

घोट्याच्या वर वाळूचा पट्टा बांधलेला होता. शाळेतल्या मुली पायांच्या व्यायामाला बांधतात तसा, जड. त्याच्यावर आणखी एक. दुसऱ्या पायालाही दोन. आणि त्या पट्ट्यांच्या वर पोटरी नव्हती. माझं मनगट असतं तेवढा पाय होता.

मुलगी टेप गुंडाळत बसली. ही भिंतीकडे बघत होती.

पट्टे सोडले. पुन्हा वजन. आकडा लिहीत नाही.

डाएटच्या मॅडम धावत आल्या. त्यांनी मीटरचे आकडे विचारले. मी अजूनही — देवा! — अभिमानाने सांगितलं, परवा चार पूर्णांक सहा. त्या खुर्चीत बसल्या.

'उपाशी माणसाचेही केटोन वाढतात हो,' म्हणाल्या. 'आहार चालू असताना वाढतात, आणि काहीच न खाता शरीर स्वतःलाच जाळायला लागलं तरी वाढतात. मीटरला फरक कळत नाही. म्हणून तर वजन बघायचं होतं.'

मग केमोचे डॉक्टर. ते ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. 'औषधाचा डोस वजनावरून ठरतो, बाई. मागच्या दोन खेपांना तुम्हाला पेलेल त्यापेक्षा जास्त गेलंय.'

आजची केमो रद्द. ॲडमिट केलं.

२३ एप्रिल

वॉर्ड. खिडकीखालची खाट. सलाईन. दुपारी बोललो.

'कधीपासून?'

'अंगठी पडली ना, त्याच्या आधीपासून. तेल गळ्याखाली उतरत नव्हतं. घास तोंडात फिरायचा नुसता. थोडं खायचे, बाकी जिन्यात.'

मांजर!

'मला सांगायचं होतंस.'

'काय सांगायचं? वजन उतरलं तर मॅडम थांबवणार, स्नायू झडले तर सर्जन हात लावणार नाही. दोन्हीकडून दार बंद. म्हटलं, अंगात येईल जोर हळूहळू, तोवर पट्टे बांधू. आधी एकेकच होता.' थांबली. ओठ कोरडे पडले होते, मी पाणी लावलं. 'आणि तुम्ही. आकडा वर गेला की शीळ वाजवत जिना उतरायचात. मी पलंगावरून ऐकायचे. पार खालच्या दारापर्यंत ऐकू यायची. ती कशी बंद करू, सांगा ना?'

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. तिथे धाकटी उभी होती. काही विचारायच्या आधीच रडायला लागली. तिला काय बोलणार? तिने फोन दाखवला होता. वाटी मी उचलली.

२५ एप्रिल

नाकातून नळी घातली. दुधासारखं पातळ अन्न थेंब-थेंब पोटात. त्यात साखर आहे का, मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, 'आहे. असू दे.'

त्यांना सांगून टाकलं, फळ-दही मी बंद केलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. 'ह्याच गटात एक पोस्टमन आहेत. त्यांना हा आहार मानवलाय, ते जेवतात, स्नायूही बरे टिकलेत. म्हणून आहार वाईट असंही नाही, जादू आहे असंही नाही. तुम्ही मला विचारत राहायला हवं होतं. आणि मी घरी येऊन बघायला हवं होतं.'

शेवटचं वाक्य त्यांनी का म्हटलं? मला रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२७ एप्रिल

ताप. पांढऱ्या पेशी तळाला. मास्क लावल्याशिवाय जवळ जायला बंदी. डॉक्टर 'बघू' म्हणाले. आजवर 'बघू' म्हटल्यावर काय बघायला मिळालंय ते मला माहीत आहे.

२८ एप्रिल

ताप आहेच.

२९ एप्रिल

बंबकडे गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, 'भट्टीचं तेल संपत आलंय, ते आधी बघ.' माझी पाळीही त्यानेच केली. मी भट्टीशेजारी बाकावर बसून राहिलो. घरी जायची भीती वाटते. घर रिकामं आहे म्हणून नव्हे, फोन तिथे वाजेल म्हणून.

२ मे

ताप उतरला! सकाळी मला बघितल्या-बघितल्या म्हणाली, 'दाढी करा. मेलेय का मी?'

९ मे

नळी आहेच, पण तोंडानेही खाते. उकडलेला बटाटा, मीठ लावून. अर्धा. मी बाजूला बसून प्रत्येक घास बघत होतो. म्हणाली, 'मोजू नका.' खिडकीकडे तोंड करून बसलो.

१४ मे

व्यायामाची ती हसरी मुलगी रोज येते. ही तिलाच शिकवते, 'गुडघा असा नाही, असा.' आज खुर्चीतून तीनदा उठली. चौथ्यांदा पाय थरथरले, पण उठली. मुलीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींनीही.

मी वाजवल्या नाहीत. मला आता कशावरच टाळ्या वाजवायची भीती वाटते.

१८ मे

घरी आणलं. केमो पुन्हा सुरू होणार, खऱ्या वजनावर. जिन्यात मांजर दाराशी येऊन बसली आणि ओरडत राहिली. हिने आतून ओरडून सांगितलं, 'संपलं! आता मीच खाते!'

मीटर कपाटावर टाकलं. मग खाली काढून बंबला देऊ केलं. तोही घेईना. शेवटी हॉस्पिटलला परत.

२६ मे

शाळेच्या मुली आल्या. ह्या वेळी दार उघडलं. त्या हिच्याकडे बघतच राहिल्या. एक तर रडायच्या बेतात. ही म्हणाली, 'रांगेत उभ्या राहा!' आणि आमच्या बैठकीच्या खोलीत त्या सगळ्या ताठ उभ्या राहिल्या, रांगेत, हात खाली करून. मग कुणालाच रडता आलं नाही.

५ जून

ही झोपलेली असताना तिच्या पायावरची चादर सरकवून बघतो. वाईट सवय लागलीय. पोटरीवर जरा, अगदी जरा, गोलाई आहे. की मला हवी म्हणून दिसते? मी आता माझ्या डोळ्यांचा भरवसा धरत नाही. व्यायामाच्या त्या मुलीला विचारलं. तिने टेप लावून सांगितलं, 'आहे, काका. थोडीशी. खरी.'

१२ जून

स्कॅन. सर्जनच्या टेबलावर काळी-पांढरी चित्रं. त्यांनी पेनचं टोक ठेवलं. 'इथे चिकटली होती. आता फट दिसते. बाकी कुठे काही दिसत नाही.' मग हिला म्हणाले, 'उठून दाखवा.'

ही उठली. बसली. उठली. बसली. सर्जनच म्हणाले, 'पुरे, पुरे!' आणि पहिल्यांदा हसले.

ऑपरेशनची तारीख २३.

मला आनंद व्हायला हवा. झालाच की. पण जेवताना घास तसाच तोंडात फिरत राहिला, आणि अचानक कळलं, हिला कसं होत असेल ते.

१७ जून

धाकटी येऊन राहिलीय. आता फोनवरचं काही दाखवत नाही. दोघी बहिणी खोलीत जुन्या कुणाची तरी नक्कल करून हसत होत्या. मी स्वयंपाकघरात अंडी उकडत उभा. ही हाक मारते, 'अहो, ऐकू येत नाही.'

'काय?'

'शीळ.'

वाजवायचा प्रयत्न केला. नुसती हवा आली.

२२ जून, रविवार

ॲडमिट. संध्याकाळी सर्जन खाटेपाशी येऊन सगळं नीट सांगून गेले. आडपडदा ठेवला नाही. 'पाच-सहा तासांचं काम आहे. आत गेल्यावर आधी सगळीकडे नजर टाकणार. स्कॅनला न दिसलेलं काही पसरलेलं सापडलं, तर गाठ काढण्यात अर्थ नसतो. मग काही न करता बंद करीन आणि तुम्हाला खरं सांगेन.'

ते गेल्यावर ही उशीला टेकून बसली. मग म्हणाली, 'म्हणजे मला कुणी सांगायची गरजच नाही. जागी झाल्यावर घड्याळ बघितलं की झालं. संध्याकाळ झाली असेल तर जिंकलो.'

मी म्हटलं, 'संध्याकाळच असेल.'

'पाय दाबून द्या जरा.'

दाबले. पोटऱ्या हाताला लागतात आता. छोट्या, पण घट्ट. ह्या पायांनी ती उद्या तिथवर चालत जाणार आहे म्हणे, ढकलगाडी नको. नर्स म्हणाली तसा नियम नाही. ही म्हणाली, 'नियम मी मोडला नाही तर मुली काय म्हणतील?'

२३ जून, सोमवार

चालतच गेली. दारापाशी मागे वळली नाही. धावणारे वळत नाहीत.

मी आणि धाकटी बाकावर. धाकटी म्हणाली, भावोजी, दुपारी जेवायला घरी जाऊन या, वेळ आहे. तेवढ्यात दार उघडलं. सर्जन. टोपी हातात.

यकृतावर बारीक बारीक दाणे. सगळीकडे. काही काढलं नाही, परत शिवलं.

'ताकद मात्र उत्तम होती त्यांची,' म्हणाले.

आता ह्या खोलीत तिच्याजवळ बसलोय. अजून शुद्ध नाही. खिडकीतून ऊन येतंय, पडदा ओढून घेतला. समोर भिंतीवर घड्याळ आहे, साडेअकरा दाखवतंय. स्टुलावर चढून बघितलं. हात पोचत नाही.